बाईच्या हातचं पाणी

जाईबाई चौधरींचा मिशनच्या शाळेतला पगार महिना चार रुपये होता आणि ती नोकरी गेली पाण्यापायी. आमच्या नागपूरकडच्या शिक्षिकांचा इतिहास लिहायला कोणी बसलं, की पगार, पट आणि शाळांची संख्या यांचीच पानं भरतात. मी १९६२ पासून २००० पर्यंत उमरेड-भिवापूर भागात मास्तरीण होते. मला विचाराल तर या इतिहासात दोनच प्रश्न खरे मोठे होते. बाईच्या हातचं पाणी कोण पितं, आणि रात्री बाई झोपते कुठे.

जाईबाईंचा जन्म १८९२ चा, उमरेडचा, महार कुटुंबातला. दुष्काळात घर गाव सोडून नागपुरात आलं. लहानपणीच लग्न झालं. नागपूर-कामठी भागात डोक्यावरून ओझी वाहून त्या पोट भरत. मिस ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंची त्यांच्यावर नजर गेली. जाईबाई लिहा-वाचायला शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिकवू लागल्या. अस्पृश्य बाईच्या हातचं पाणी आपली मुलं पितात हे स्पृश्य पालकांना कळलं तेव्हा बहिष्कार पडला आणि जाईबाई शाळेबाहेर झाल्या. मुलांना अक्षरं कशी येतात, बेरीज जमते का, हे कोणी विचारलं नाही. माठाला हात कोणाचा लागला, एवढीच चौकशी झाली.

पुढे १९२२ मध्ये त्यांनी नागपूरच्या नई बस्तीत मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. वाट अगदीच कोरी नव्हती. मोहप्याच्या किसन फागूजी बनसोड्यांनी १९०७ च्या सुमारासच नागपुरात अस्पृश्य मुलींची शाळा चालवली होती. छापखाना आणि वर्तमानपत्रं त्यांनी पुढे काढली. पण जाईबाईंचं वेगळेपण असं, की हमालीवरून थेट शाळा काढण्यापर्यंत त्या स्वतः आल्या. नवरा सुधारक म्हणून बायको शिकली, हा त्या काळचा नेहमीचा रस्ता त्यांचा नव्हता. आपल्याकडे हा फरक फारसा कोणी मोजत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

माझी आई त्या वस्तीतली. तिसरीपर्यंत शिकली आणि मिलमध्ये लागली. पगाराच्या दिवशी बाकीच्या बाया निळ्या शाईत अंगठा बुडवायच्या, आई सही करायची. सही करायला तिला जरा वेळ लागायचा. मागची रांग कुरकुरली तरी ती एकही काना-मात्रा सोडायची नाही.

डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. अध्यक्ष राजकुमारी अमृत कौर. शिकल्यासवरल्या, पुढारलेल्या घरांतल्या बायांची ही संस्था. जाईबाई तिथे गेल्या, तर जेवणाच्या वेळी अस्पृश्य बायांची पंगत वेगळी मांडलेली. पुन्हा तेच, अन्न आणि पाणी. नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच नागपुरातल्या दलित बायांनी सभा घेऊन त्याचा निषेध केला. त्यानंतर साडेचार वर्षांनी, २० जुलै १९४२ ला, नागपुरातच दलित महिलांची परिषद झाली. अध्यक्षपदी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, बाबासाहेब हजर होते आणि पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, एकाहून जास्त बायका करण्याला बंदी, मजूर बायांना पगारी रजा, असे ठराव तिथे मंजूर झाले. मी तेव्हा आईच्या पोटात होते. पावसात लुगडं भिजलं होतं आणि पगारी रजेच्या ठरावाला आपण दोन्ही हात वर केले होते, हे ती म्हातारपणीही सांगायची. बाळंतपणाच्या तोंडावर मिलमध्ये उभी राहणारी बाई दुसऱ्या कुठल्या ठरावाला एवढ्या जोरात हात वर करेल?

जाईबाई उमरेडहून शहराकडे आल्या. आमच्या पिढीतल्या बाया उलट गेल्या.

खेड्यातला मास्तर तोवर बहुतेक पुरुषच होता. १९३७ नंतर रविशंकर शुक्लांनी मध्यप्रांतात विद्यामंदिर योजना आणली, तिचं गणित बघा. गावाने जमीन द्यायची, त्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा आणि मास्तर चालवायचा. कल्पना वाईट नव्हती, पण तिच्यातला मास्तर कोण? वावरावर लक्ष ठेवणारा, गड्यांशी भाव करणारा, गावात घर करून राहणारा कुटुंबवत्सल पुरुष. एकट्या बाईला ते जमणार कसं, हा प्रश्न योजनेला पडलाच नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या, खेड्यातल्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि शाळा उघडल्या तेवढ्या बाया हव्या झाल्या. मी नॉर्मल स्कूल करून नुकती बाहेर पडले होते. वीस वर्षांची नव्हते अजून.

नेमणुकीच्या गावाचं नाव लिहीत नाही, तिथे अजून माणसं राहतात. नागपूरहून नागभीडला जाणारी छोटी लाइन होती, ती २०१९ मध्ये मोठी करायला बंद केली. त्या गाडीने उतरायचं आणि पुढे पऱ्हाटीच्या वावरातून पायवाट. काळी माती. आषाढात चप्पल हातात घेतली तरच पोचता येई. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाजवळची एक खोली, एक फळा, तीन टाटपट्ट्या आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. चार वर्ग एका खोलीत, शिक्षक एक.

खोली बघायला गेले तर पहिला प्रश्न आडनावाचा. ते सांगितलं की घरमालकाला एकदम आठवायचं, की दिवाळीत भाचा येणार आहे, खोली लागेल. १९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा होता, म्हणून तोंडावर नाही कोणी म्हणत नव्हतं. कायद्याने लोकांना गोड बोलायला मात्र शिकवलं. शेवटी एका कोष्ट्याच्या म्हातारीने मागाच्या खोलीत जागा दिली. एका बाजूला खड्डामाग, दुसऱ्या बाजूला माझी ट्रंक आणि चूल. धागा भिजवल्याचा आंबूस वास माझ्या पुस्तकांना कायमचा बसला. म्हातारीने जात विचारली नाही असं नाही, विचारली. मग म्हणाली, "मले काय कराचं हाय? भाडं टायमावर दे, झालं."

आता पाणी. गावात विहिरी दोन. शाळेच्या जवळची विहीर गावाची. मी तिथे घागर घेऊन गेले, तर एक पाटलीणबाई लगबगीने पुढे येऊन म्हणाल्या, "बाई, तुम्ही काहून कष्ट घेता, मी देतो भरून." आणि वरून ओतलं. रोज कोणी ना कोणी कष्ट वाचवायला हजर. शाळेतला माठ मात्र मी भरला, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर वर्ग अर्धा. पोट्टे पाणी प्यायला घरी जात आणि घरचे त्यांना तिथेच बसवून घेत, नाहीतर वावरात पाठवत. सकाळच्या हजेरीत ते दिसत नव्हतं. मी दुपारची हजेरी वेगळ्या कागदावर घ्यायला लागले तेव्हा उमगलं. जाईबाईंची गोष्ट आईकडून ऐकलेली होती, तीच माझ्या हजेरीपटात उतरली होती. फरक एवढाच, की सरकारी नोकरीतून मला कोणी काढू शकत नव्हतं, ते मुलं काढून घेत होते.

मग माठ भरण्याची पाळी मुलांना लावली, हजेरी क्रमांकाप्रमाणे. आज चौदा, उद्या पंधरा. पंधरावा आमच्या वस्तीतला, सोळावा तेल्याचा, सतरावी कुणब्याची. पंधराव्याच्या दिवशी पुन्हा गळती लागली. पण माझ्याविरुद्ध बोलणं सोपं होतं, क्रमांकाविरुद्ध बोलायला कोणाकडे शब्द नव्हते. शिक्षण विस्तार अधिकारी तपासणीला आले तेव्हा त्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'पाणी भरण्याची शिस्त उत्तम.' मला हसू आवरेना. या युक्तीला कोणी माघार म्हणाले तरी चालेल, मला पट टिकवायचा होता. खरा बदल ऐंशीच्या आसपास हापशी आली तेव्हा झाला. दांड्याला सगळ्यांचेच हात लागायला लागले. रांगेत मात्र पुढे कोण, मागे कोण, हे भांडण पुष्कळ वर्षं पुरलं.

लग्न १९६४ मध्ये झालं. नवरा एम्प्रेस मिलमध्ये. टाटांनी १८७७ च्या १ जानेवारीला सुरू केलेली ही मिल, नागपूरच्या निम्म्या वस्त्यांचं पोट तिच्यावर. पती-पत्नीला जवळ आणण्याची सरकारी सवलत मिलमजुराला कुठली? तो शहरात, मी खेड्यात. शनिवारची सकाळची शाळा करून गाडी धरायची, सोमवारी पहाटे परत. पहिली मुलगी झाली आणि बाळंतपणाची रजा संपली, तेव्हा तिला घेऊनच रुजू झाले. माझ्या आईने तेवढ्यासाठी तर दोन्ही हात वर केले होते, पण रजा संपल्यावर काय, याचा ठराव कोणीच केला नव्हता. वर्गातल्या आढ्याला लुगड्याची झोळी बांधली. चौथीतली मुलगी पाढे म्हणत झोका द्यायची. बे एके बे ला पुढे, बे दुणे चार ला मागे. माझी थोरली पहिलीत जायच्या आधीच तिला तिसाचे पाढे यायचे, त्यात नवल काही नाही. ती तापली की म्हातारी म्हणायची, "पोट्टीले माह्याजवळ ठेव, तू जाय बाई शाळेत." मागाच्या ठकठकीत लेकरू बिनघोर झोपे. माझी दोन लेकरं त्या म्हातारीच्या मांडीवर वाढली. तिच्या भाड्याची पावती मी कुठे दाखवली नाही आणि तिच्या या कामाची कुठे नोंद झाली नाही.

साहेब लोकांना झोळी खटकायची. एकाने लेखी विचारलं, की वर्गात स्वतःचं मूल ठेवल्याने अध्यापनावर परिणाम होतो काय. मी लेखी उत्तर दिलं, की होतो. झोळी दिसल्यावर गावातल्या तीन मुली कडेवर भावंडं घेऊन शाळेत यायला लागल्या आहेत, त्या आधी घरी होत्या. पुढे त्यांचं पत्र आलं नाही.

आणीबाणीत शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायला लावलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मास्तर लोक गावात केसेस शोधत फिरत. बाई म्हटल्यावर मात्र पहिली केस समोरच उभी. तिसरं लेकरू पोटात असताना मी पंचायत समितीच्या बैठकीला बसले होते, आणि कोटा पुरा न केल्याबद्दल जे ऐकावं लागलं ते ऐकून घेतलं. त्यानंतर लगेच, १४ डिसेंबर १९७७ ला, राज्य कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा संप सुरू झाला, तो चौपन्न दिवस चालला. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता हवा होता. त्या दिवसांत गावातून कोणी तूरडाळ, कोणी भिवापुरी मिरची आणून दिली. पाटलीणबाईंच्या घरूनही आली. त्या वर्षी आम्ही सगळेच कोणाचं काय खातो हे विसरलो होतो.

नंतरच्या वर्षांत योजना पुष्कळ आल्या. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक दिला, शक्यतो बाई असावी असं म्हटलं, आणि मला प्रथमच शाळेत बोलायला मोठं माणूस मिळालं. १९९२ पासून गरीब घरच्या मुलींना हजर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. लोक हसले. पण मिरचीच्या सातऱ्यावर देठं खुडायला जाणारी पोरगी घरात रोकड आणते, तिच्यासमोर हा रुपया निदान उभा तरी राहत होता. मी तो कधी हसण्यावारी नेला नाही.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली, त्याच्या कितीतरी आधीपासून ती आजारीच होती. माझ्या घरात शेवटी माझ्याच पेन्शनवर चूल पेटली. टाटांनी एम्प्रेसमध्ये १८८६ मध्येच पेन्शन सुरू केली होती, असं मालकांचं कौतुक पुस्तकांतून वाचते. जिल्हा परिषदेच्या मास्तरणीच्या पेन्शनवर नागपुरातल्या किती मिलमजुरांची म्हातारपणं निघाली, हेही कोणी कधीतरी लिहावं.

आता वाद चालतो तो मुख्यालयाचा. बाया नागपूरहून स्कूटीने येतात, गावात राहत नाहीत, म्हणून घरभाडं भत्ता बंद करा, असं लोक म्हणतात. मलाही वर्तमानपत्रवाले विचारतात, की तुमच्या काळी तुम्ही राहत होता ना? राहत होते. म्हातारीने मागाची खोली दिली म्हणून. तिने दिली नसती तर दुसरं दार नव्हतं, आणि ते दार सरकारने उघडलेलं नव्हतं. शिक्षिकेला कडी लागणारी खोली गावात बांधून द्या, संडास द्या, मग भत्ता बंद करा. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं निघालं, तेव्हाही पटाचंच गणित मांडलं गेलं. आमच्या त्या गावच्या मुली चार किलोमीटरवर गेल्या, तर मधल्या सुट्टीत किती परत येतील, याचा कागद मी १९६२ मध्येच करून बघितला आहे.