गुडजिम

गुडजिम : धावण्याचा व्यायाम आणि परिसरातील सेवाकार्य यांची सांगड घालणारी ब्रिटनमधील धर्मादाय संस्था. संस्थापक ईवो गॉर्मली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पूर्व लंडनमध्ये तिचा आरंभ झाला. व्यायामशाळेतील यंत्रांवर खर्ची पडणारी ताकद कोणाच्या तरी उपयोगी पडावी, हा त्यामागील साधा विचार.

सभासद ठरलेल्या संध्याकाळी एकत्र जमतात, काही किलोमीटर धावत कामाच्या जागी पोहोचतात, काम उरकतात आणि धावतच परततात. सार्वजनिक बागेत माती वाहणे, रोपे लावणे, गरजूंसाठी आलेले अन्नधान्य निवडून लावणे अशी ही कामे असतात. वृद्धांच्या घरचे जड सामान हलवणे यासारख्या एकवेळच्या कामाला ‘मिशन’ म्हणतात.

संस्थेचे खरे वेगळेपण वृद्धभेटींत आहे. एकाकी वृद्धाकडे एखादा सभासद नियमितपणे धावत जातो, गप्पा मारतो आणि परततो. या वृद्धाला संस्थेत ‘कोच’ म्हणतात, आणि हे नाव अगदी सार्थ आहे. कोणी वाट पाहत आहे म्हटल्यावर पावसाळी संध्याकाळीही बूट चढवावेच लागतात. धावणाऱ्याला शिस्त लागते ती त्या वृद्धामुळे. मदत कोण करतो आणि घेतो कोण, हा भेद येथे सुंदर रीतीने पुसला जातो.

स्वीडनमध्ये 2016 च्या सुमारास सुरू झालेले प्लॉगिंग, म्हणजे धावता धावता कचरा उचलणे, हा याच जातीचा उपक्रम. तो पुण्यातही रुजला आहे.