पुनरुक्तीचें बळ

साहित्यशास्त्रानें पुनरुक्ति हा दोष मानिला; परंतु जें जपून ठेवावयाचें असतें, त्याच्या बाबतींत तोच दोष गुण ठरतो. वेदपाठकांनीं क्रम, जटा, घन अशा पाठांत तींच पदें उलटसुलट म्हणून संहितेचें अक्षरन् अक्षर राखिलें. यंत्रयुगालाही अखेर हाच मार्ग धरावा लागला.

इ. स. १९४७ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत रिचर्ड हॅमिंग हे गणिती काम करीत होते. तेथील गणनयंत्र चूक होतांच ती ओळखी. इतर दिवशीं माणसें येऊन ती दुरुस्त करीत. पण शनिवारीं-रविवारीं तेथें कोणी नसे. मग यंत्र हातांतलें गणित टाकून पुढचें घेई. लागोपाठ दोन आठवडे हॅमिंग यांचें काम असें वायां गेलें. त्यांनीं चिडून स्वतःला विचारिलें : चूक झाली हें यंत्राला कळतें, तर ती कोठें झाली हें कां कळूं नये? उत्तरही त्यांनींच शोधिलें. चार अंकांना पडताळ्याचे तीन अंक अशा बेतानें जोडावयाचे कीं, सातांपैकीं कोणताही एक बिघडला तरी तो नेमका सांपडावा. यंत्राचे अंक शून्य आणि एक एवढेच. म्हणून चूक सांपडली कीं सुधारलीच! त्यांचा निबंध १९५० सालीं प्रसिद्ध झाला.

पुढें १९५६ सालीं आय्. बी. एम्. कंपनीनें माहिती सांठविणारें चुंबकीय तबकड्यांचें पहिलें यंत्र आणिलें. त्यांत ५० तबकड्या होत्या. परंतु जें फिरतें तें केव्हांतरी थांबतें. १९८८ सालीं बर्कली येथील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं सुचविलें कीं, एका महागड्या यंत्राऐवजीं अनेक लहान, स्वस्त यंत्रें जोडावीं. त्यांतला धोकाही त्यांनींच मांडिला. एक यंत्र सरासरीनें ३०,००० तास टिकत असेल, तर शंभरांपैकीं एखादें ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आंतच, बंद पडावयाचें.

उपाय पुन्हा पडताळ्याचाच. तीन यंत्रांवर ७, ५ आणि ९ हे अंक आहेत. चौथ्यावर त्यांची बेरीज २१ लिहून ठेविली. दुसरें यंत्र मोडलें, तर २१ मधून ७ आणि ९ वजा करावे; हरवलेले ५ परत मिळतात. प्रत्यक्षांत बेरजेऐवजीं एकांची संख्या सम कीं विषम, एवढेंच नोंदितात. हॅमिंग यांना तीन पडताळे लागले, येथें एकच पुरतो. कारण मोडलेलें यंत्र कोणतें, हें आधींच ठाऊक असतें.

मात्र या कवचालाही मर्यादा आहे. पहिल्याची भरपाई होण्यापूर्वीं दुसरें यंत्र मोडलें, तर माहिती गेली. आणि माणसानेंच चुकून कांहीं पुसलें, तर पडताळाही मुकाट्यानें त्या चुकीशीं जुळवून घेतो! म्हणून मोलाच्या कागदाची एक प्रत दुसऱ्या घरीं ठेवण्याची वडिलांची रीत आजही सुटलेली नाहीं.