कंपू : लाखेरीच्या खिंडीतून कट्ट्यावर

ऑफिसात चार जण एकत्र जेवायला बसले की आपण त्यांना ‘कंपू’ म्हणतो. हा शब्द शिंदे-होळकरांच्या यादवीतून आला, हे कळल्यापासून त्याने माझा पिच्छा सोडलेला नाही.

१७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीला चाकरीस ठेवले. त्याने उभारलेल्या कवायती ब्रिगेडी म्हणजे कंपू.

पण नाव कुठले? इंग्रजी ‘कॅम्प’ म्हणावे, तर शेवटचा ऊकार आला कुठून? बॉयन सव्हॉयचा, फ्रेंच बोलणारा. पण फ्रेंचांच्या तोंडी त्या शब्दातला ‘प’ मुका असतो. उरतो पोर्तुगीज ‘कांपु’. ‘तंबाखू’चा ऊकारही तिथलाच. ‘काडतूस’ शब्दाचा पोर्तुगीज शेवट मराठीत गळाला, हा आक्षेप मला मान्य आहे. पण शब्दाचे शेपूट झडते, नवे सहसा फुटत नाही. देशी दरबारांच्या तोफखान्यांत पोर्तुगीज वंशाचे गोलंदाज होते. शब्द त्यांनीच आणला असणार.

होळकरांना हा कवायती पलटणींचा प्रकार मानवणारा नव्हता. त्यांची सारी भिस्त घोडदळावर. पानिपतावरही मल्हाररावांचा कौल गनिमी काव्यालाच होता, असे बखरी सांगतात. पुढे तुकोजी होळकरांनी शिंद्यांच्या धास्तीने द्यूद्रनेक या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखाली एक कंपू उभारला खरा, पण मदार स्वारांवरच ठेवली. १७९३ मध्ये बुंदीजवळ लाखेरीच्या खिंडीत बॉयनशी गाठ पडली. स्वार उधळले, आणि जो कंपू अर्ध्या मनाने उभारला होता तोच जागेवर उभा राहून कापला गेला. परतताना तुकोजींनी शिंद्यांची उज्जैन लुटली. पुढे मात्र १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकर जिंकले, तेव्हा त्यांच्याकडेही कंपू होतेच.

मग पलटणीचे टोळके कसे झाले? ‘छावणी’ म्हणजे ‘गट’ असा सरळ अर्थविस्तार पुष्कळांना पटतो. मला तो अपुरा वाटतो. बॉयनच्या कंपूच्या खर्चासाठी गंगा-यमुनेच्या अंतर्वेदीतला मुलूख वेगळा तोडून दिलेला होता. वसुली त्याची, पगार त्याच्या हातून. इतर सरदारांच्या डोळ्यांत सलणारी, आपल्यातच मिटलेली ही मंडळी होती. कट्ट्यावरच्या कंपूबद्दल आपली तक्रार नेमकी हीच असते. ग्वाल्हेरात मात्र कंपू नावाची वस्ती अजून आहे, आणि तिथे त्या नावाला टोळक्याचा वासही नाही.