नवागत आणि उंबरठा

अनेकांनी मिळून एखादे मोठे कार्य आरंभावे, त्यात येऊ इच्छिणाऱ्या सर्वांना दार मोकळे असल्याचे जाहीर करावे, आणि तरीही दाराशी आलेल्या नवख्या माणसाला आत कसे घ्यावे हा प्रश्न वर्षानुवर्षे सतावीत राहावा, असे सार्वजनिक जीवनात नेहमी घडते. मुक्तस्रोत आज्ञावलींच्या इतिहासात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसून येतो. ज्या संगणकीय आज्ञावलीची मूळ संहिता कोणीही वाचावी, सुधारावी आणि इतरांस द्यावी, ती मुक्तस्रोत होय.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत आहोत, असे कळवून लोकांकडून सूचना मागविल्या. हीच पुढे लिनक्स झाली. प्रारंभी दूरदूरचे लोक आपल्या दुरुस्त्या थेट त्यांच्याकडे पाठवीत आणि ते स्वतः त्या तपाशीत. परंतु पाठविणारे वाढले आणि तपासणारा एकच राहिला. अनेक दुरुस्त्यांना उत्तरच मिळेना. १९९८ साली या कारणावरून उघड वादही झाला. नकार आला तर माणूस आपली चूक शोधतो. उत्तरच न आले तर त्याने काय करावे? पुढे विभागवार सांभाळणारे नेमले गेले, २००५ साली टोरवाल्ड्स यांनी गिट हे साधन रचले आणि कामाची वाटणी सुकर झाली. २००८ मध्ये तर कच्च्या संहितेसाठी एक स्वतंत्र दालनच उघडण्यात आले. तेथे लहानसहान सुधारणा करीत नवशिक्याला हात बसविता येऊ लागला.

तथापि भाषेचा प्रश्न शिल्लक होता. चुकलेल्याची जाहीर आणि कठोर शब्दांत संभावना करण्याची रीत तेथे रूढ होती. तीमुळे संहितेचा दर्जा राखला जातो, असे तिचे समर्थक म्हणत. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या वर्तनाबद्दल क्षमा मागितली, काही आठवडे कामातून रजा घेतली आणि त्याच वेळी नवी आचारसंहिता स्वीकारण्यात आली.

दुसरे उदाहरण डेबियनचे. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली स्थापिलेल्या या मंडळींनी १९९९ मध्ये नव्या सभासदांचा प्रवेशच थांबविला आणि २००० साली तो रीतसर पद्धती आखून पुन्हा सुरू केला. उमेदवाराची ओळख जुन्या सभासदाने पटवावी, संस्थेची तत्त्वे त्याला उमगली आहेत हे पाहावे, मग त्याच्या कामाची परीक्षा घ्यावी, असा तो क्रम होता. ही पद्धत लांबण लावणारी आहे, अशी टीका तिच्यावर झाली. शासनाच्या दप्तरात बसणाऱ्या माणसाला ही टीका अपरिचित नाही. परंतु ज्याची आत कोणाशी ओळख नाही, त्याला लिखित नियमाचाच आधार असतो. नियम नसेल तेथे ओळखीपाळखीचे राज्य चालते. शिवाय या मंडळींनी आपला नियम बदलण्याचीही तयारी ठेवली. केवळ संहिता बांधणारेच नव्हेत, तर भाषांतर किंवा दस्तऐवज करणारेही पूर्ण सभासद होऊ शकतात, असा ठराव २०१० साली मतदानाने संमत झाला.

येथे कोणी म्हणेल की, मग दार सताड उघडावे, हेच बरे. २०२४ ची एक घटना या उत्साहाला आवर घालते. एक्सझेड ही संक्षेपणाची आज्ञावली असंख्य लिनक्स यंत्रांत वापरली जाते. ती मात्र जवळजवळ एकटा गृहस्थ विनामोबदला सांभाळीत होता. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कोणी २०२१ पासून तेथे निमूट, उपयुक्त काम केले. इतर काही नावांनी त्या थकलेल्या गृहस्थावर तगादा लावला की, आता दुसऱ्यास अधिकार द्या. अधिकार मिळाले, आणि त्याच हातांनी संहितेत चोरवाट बसविली. दूरस्थ यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला म्हणून २९ मार्च रोजी हे कपट उघडकीस आले.

यावरून नवागतांवर संशय घ्यावा, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. तेथे विश्वास ठेवणे चुकले नव्हते; पारख करण्याचा सारा भार एकाच खांद्यावर पडला होता, हे चुकले होते. लिनक्सच्या प्रारंभीच्या मौनाचे मूळही तेच होते. नवागताचे काम मन लावून वाचणे, चुकले तेथे सभ्यपणे सांगणे आणि क्रमाक्रमाने अधिकार देणे, याला वेळ लागतो, माणसे लागतात. ही माणसे आकाशातून पडत नाहीत. काल उंबरठ्यावर उभे असलेल्यांतूनच ती घडवावी लागतात. जी संस्था नवख्याला शिकविण्याचा वेळ वाचविते, तिला उद्या दाराशी बसविण्यास माणूस उरत नाही.