गाविलगड आणि बायोडाटा

मागच्या डिसेंबरात चिखलदऱ्याला गेलो होतो. सोबत अमरावतीचा मावसभाऊ. इंजिनीअरिंग संपून त्याला वर्ष झालंय. परतवाड्यावरून घाट चढताना त्याने मोबाईल पुढे केला. "दादा, माहा रेझ्युमे पाहून देजो ना. साठ-सत्तर ठिकाणी पाठोला, एक कॉल येऊन नाही राहिला."

पाहिला. दोन पानं. हार्डवर्किंग, टीम प्लेअर, क्विक लर्नर. वरचं नाव झाकलं तर कोणाचाही चालेल असा. आणि चौघांनी मिळून केलेल्या प्रोजेक्टपुढे लिहिलेलं, 'संपूर्ण सिस्टीम मी बनवली.'

"गाविलगड पाहू, मग बोलू," म्हटलं. कारण ज्याला या गडाचा उपयोग बायोडाट्यात झाला (आणि बराच काळ झालाही नाही!), असा एक माणूस मला माहीत होता. आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

1803 साली त्याने तीन महिन्यांत तीन लढाया मारल्या. 23 सप्टेंबरला असई, 29 नोव्हेंबरला आपल्या अकोला जिल्ह्यातलं अडगाव आणि 15 डिसेंबरला नागपूरकर भोसल्यांचा गाविलगड. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला.

पण गडावरचं मुख्य काम केलं कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने. गड घ्यायचा तर उत्तरेकडून. तिकडे रस्ताच नव्हता. तेव्हा शिपायांनी आधी रस्ता बनवला आणि मग अवजड तोफा हातांनी ओढत डोंगरदऱ्यांतून नेल्या. 7 ते 12 डिसेंबर, हे सगळं चाललं होतं. आतल्या किल्ल्याच्या भिंतीला शिड्या लावून पहिल्यांदा चढली ती कॅप्टन कॅम्पबेलची माणसं.

हे आपल्याला कळतं कुठून? तर वेलस्लीने त्याच दिवशी लिहिलेल्या अहवालातून. कोणी काय ओढलं, कुठून ओढलं, रस्ता कोणी केला, सगळं त्यात आहे. स्टीव्हन्सनच्या माणसांइतके कष्ट मी कधी पाहिले नाहीत, असंही त्याने लिहिलं. वरिष्ठ स्वतः होता, हवं तर 'गड मी घेतला' एवढंच लिहिता आलं असतं. पण दुसऱ्यांची नावं लिहून त्याचं काही कमी झालं नाही.

आता नोकरीचा भाग. मंडळी, हिंदुस्थानात या गृहस्थाला भक्कम वशिला होता. सख्खा मोठा भाऊ रिचर्ड इथला गव्हर्नर जनरल! 1805 मध्ये दोघांचंही इथलं पर्व संपलं. विलायतेत रिचर्डच्या कारभारावरच टीका सुरू झाली आणि आर्थर 1806 मध्ये पार्लमेंटात शिरला तो भावाची बाजू मांडायला. कालचा वशिला आज ओझं झाला.

सप्टेंबर 1805 मध्ये लंडनला तो मंत्री कॅसलरेला भेटायला गेला. बाहेरच्या खोलीत वाट पाहत बसला. तिथे होता अ‍ॅडमिरल नेल्सन. नेल्सनने त्याला ओळखलंच नाही, आपल्याच बढाया सुरू ठेवल्या. मग बाहेर जाऊन हा कोण ते विचारून आला, आणि परतल्यावर एकदम शहाण्यासारखं बोलायला लागला. ही गोष्ट वेलिंग्टननेच पुढे सांगितली.

असई, अडगाव, गाविलगड ही नावं लंडनमध्ये किती जणांना नकाशावर दाखवता आली असती? 'शिपायांचा जनरल' ही हेटाळणी तर नेपोलियनच्या नावावर सांगतात. मोठमोठ्या फौजा चालवलेल्या माणसाला 1806 मध्ये मिळाली हेस्टिंग्ज गावातली एक ब्रिगेड. मित्रांनी विचारलं, एवढ्याशा कामावर कसा काय राहतोस? त्याने उत्तरात आपल्याकडचा शब्द वापरला, 'निमकवाला'. राजाचं मीठ खाल्लंय, देतील ते काम करीन.

1808 मध्ये त्याला पोर्तुगालला पाठवलं, आणि तिथे गाविलगडचा अनुभव कामी आला. दख्खनमधल्या त्याच्या पत्रांत बैल आणि धान्य हे विषय सारखे येतात. वाईट रस्त्यांवरून फौजेला खायला कसं पोचवायचं, हे तो इथेच शिकला होता. गडाचं नाव तिकडे कोणाला कळो न कळो, हे कौशल्य कळण्यासारखं होतं.

असो. संध्याकाळी चिखलदऱ्यात शेकोटीपाशी आम्ही रेझ्युमे उघडला. विशेषणं काढली. 'संपूर्ण सिस्टीम' काढून त्याने स्वतः केलेला भाग लिहिला: महाविद्यालयाच्या वाचनालयाचा डेटाबेस, किती पुस्तकं, आधी शोधायला किती वेळ लागायचा, नंतर किती. बाकी तिघांनी काय केलं तेही एका ओळीत. साठ-सत्तर ठिकाणांतून कामाशी जुळणारी बारा निवडली. प्रत्येकासाठी वरच्या चार ओळी वेगळ्या. दर शनिवारी वही काढून कुठे पाठवलं, कोणाशी बोललो, काय उत्तर आलं ते लिहायचं, असं ठरलं. आणि पहिलं काम छोटं मिळालं तरी घ्यायचं.

पठ्ठ्याने शेवटी विचारलंच, "दादा, अन् गडावर जे हारले त्याईचं?"

किल्लेदार बेणीसिंग त्या दिवशी लढताना पडला. त्याची हकीकत आज आपल्याला कळते ती मुख्यतः त्याला मारणाऱ्यांच्या कागदांवरून.

"म्हणून म्हणतो," मी म्हटलं, "आपलं आपण लिहून ठेवावं."