आधी कडी, मग झोप: लिनक्स डेस्कटॉपवरील स्क्रीन लॉकचा इतिहास

या टिपणाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो.

मागच्या सत्रात मी स्टाफरूममध्ये अंतर्गत गुणांची यादी भरत बसलो होतो. तासाची वेळ झाली तसे लॅपटॉपचे झाकण मिटले, वर्गात येऊन प्रोजेक्टरची वायर जोडली आणि झाकण उघडले. पासवर्ड विचारणारा पडदा आला, पण त्याच्या आधी क्षणभर ती यादी भिंतीवर झळकली. पहिल्या बाकावरच्या मुलांना नापासांची दोन नावे वाचायला तेवढा वेळ पुरला. त्यांतली एक विद्यार्थिनी समोरच बसली होती. तास संपल्यावर मी तिची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तेच सगळे पुन्हा करून पाहिले, तर एकदाही यादी दिसली नाही.

कधी होते, कधी होत नाही, अशा बिघाडाला आपण चटकन ‘मशीनचा लहरीपणा’ म्हणतो. प्रत्यक्षात त्यामागे तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास आहे. त्याचे सार एका वाक्यात सांगता येते: पडदा लॉक करणारा आणि संगणकाला झोपवणारा हे दोघे वेगवेगळ्या घरांत वाढले, आणि आधी कोणी काय करायचे हे फार काळ कोणी ठरवलेच नव्हते.

कडी लावणारा पाहुणा

एक्स विंडो प्रणालीचे काम एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झाले आणि तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स ११, १९८७ साली आली. पुढे लिनक्स डेस्कटॉप याच पायावर उभे राहिले. एक्सचा सर्व्हर खिडक्या दाखवतो, कळफलक आणि माऊस सांभाळतो. पण ‘पडदा लॉक आहे’ ही अवस्था त्याला मुळात ठाऊकच नाही. मग लॉक कसे होते? एक साधा प्रोग्रॅम सगळा पडदा झाकणारी खिडकी उघडतो आणि कळफलक व माऊस स्वतःच्या ताब्यात घेतो. जेमी झविन्स्की यांचा १९९२ पासूनचा एक्सस्क्रीनसेव्हर याच रीतीने चालतो.

म्हणजे दाराला कडी लावणारा घरचा मालक नाही, तो पाहुणा आहे. हा प्रोग्रॅम कोसळला, तर सर्व्हर त्याची खिडकी काढून टाकतो, ताबा सोडतो, आणि मागचा डेस्कटॉप उघडा पडतो.

झोपवणारा तिसराच

झोपेची कथा हार्डवेअरच्या बाजूने आली. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांचे एपीएम हे मानक १९९२ चे. त्यात बरेचसे निर्णय बायोसच्या हाती होते. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय आणले आणि सूत्रे ऑपरेटिंग सिस्टिमकडे आली.

सस्पेंडची आज्ञा मिळाली की लिनक्सचा कर्नल आधी सर्व वापरकर्ता-प्रोग्रॅम जागच्या जागी गोठवतो, मग उपकरणे बंद करतो; फक्त रॅमचा वीजपुरवठा चालू राहतो. कर्नललाही लॉक म्हणजे काय ते माहीत नाही. लॉक करणारा प्रोग्रॅम आपली खिडकी रंगवण्याआधीच गोठला, तर जागे होताना पडद्यावर जुनेच चित्र येणार. प्रोग्रॅम पुन्हा हलू लागला की तो उरलेले काम पूर्ण करतो आणि पडदा झाकतो. माझी यादी दिसली ती याच फटीत. त्या दिवशी मशीनवर किती ताण होता यावर फट उघडणार की नाही हे ठरते. याला आपण रेस कंडिशन म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी ती यादी का दिसली नाही याचे उत्तरही त्यातच आहे.

बंगळुरू, २०११

सस्पेंड ही रोजची सवय कधी झाली? या प्रश्नाच्या उत्तरात मी जिथे शिकवतो ते शहर येते. २ आणि ३ एप्रिल २०११ रोजी बंगळुरूत दयानंद सागर संस्थेच्या आवारात ग्नोम एशिया परिषद भरली. त्याच आठवड्यात, ६ एप्रिलला, ग्नोम ३.० प्रसिद्ध झाले. त्याच्या मेनूत ‘सस्पेंड’ समोर दिसे; ‘पॉवर ऑफ’ हवे असेल तर ऑल्ट कळ दाबून धरावी लागे. झाकण मिटले की झोप, हेही गृहीत होते, आणि ते बदलण्याची सोय सेटिंगच्या खिडकीत नव्हती. त्यावर बराच वाद झाला.

हा बदल लहान वाटतो, पण परिणाम पाहा. झोपेला जाण्याच्या वाटा आता तीन झाल्या: मेनू, झाकण आणि टर्मिनलमधली आज्ञा. मेनूची वाट डेस्कटॉपच्या हातातली, त्यामुळे तो आधी लॉक करू शके. पण पीएम-सस्पेंड ही त्या काळची आज्ञा रूट म्हणून थेट दिली, तर ती डेस्कटॉपला विचारतच नसे. एकाच मशीनवर एका वाटेने कडी लागते, दुसरीने नाही. आपण ज्याला विसंगती म्हणतो, तिचा मोठा भाग इथला आहे.

पाच सेकंदांची मुदत

२०१२ साली सिस्टेमडीच्या लॉगिनडी या भागाने यावर तोड काढली. झोपण्याआधी तो सर्वांना संदेश पाठवतो. ज्याला काम उरकायचे आहे त्याने आधीच ‘विलंब’ नोंदवून ठेवायचा आणि काम झाले की तो सोडायचा. पण ही मुदत मूळ सेटिंगमध्ये पाच सेकंदांचीच आहे. त्यानंतर लॉक झाले असो वा नसो, मशीन झोपते. हे योग्यच आहे, नाहीतर एका अडकलेल्या प्रोग्रॅममुळे लॅपटॉप बॅगेत रात्रभर तापत राहील. मात्र एखाद्या डेस्कटॉपने खिडकी प्रत्यक्ष रंगवली जाण्याआधीच विलंब सोडला, तर जुनी फट कायम राहते. शिवाय एक्सएफसीईसारख्या डेस्कटॉपवर झोपेआधी लॉक करण्याची सेटिंग दोन ठिकाणी सापडते, एक सेशनमध्ये आणि एक पॉवर मॅनेजरमध्ये. एक चालू आणि एक बंद राहिली, की वाटेगणिक निकाल बदलू शकतो.

कडी मालकाच्या हाती

पाहुण्याची कडी किती कच्ची, हे दोनदा ठळकपणे दिसले. जानेवारी २०१२ मध्ये उघड झाले की एक्स सर्व्हरच्या १.११ आवृत्तीत कंट्रोल, ऑल्ट आणि आकड्यांच्या पॅडवरील गुणाकाराची कळ एकत्र दाबली की लॉक सुटते. ती सोय प्रोग्रॅमरना दोष शोधण्यासाठी होती. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंटवर पडद्यावरच्या कळफलकाशी खेळता खेळता मुलांनी लॉक पाडले.

खरा बदल वेलँडमुळे झाला. क्रिस्टियान हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात २०२२ साली सेशन लॉकचा स्वतंत्र प्रोटोकॉल आला. त्यातले दोन नियम आपल्या प्रश्नाला थेट भिडतात. लॉक करणारा प्रोग्रॅम मेला तरी पडदा उघडायचा नाही. आणि सर्व पडद्यांवर झाकलेले चित्र प्रत्यक्ष दिसू लागल्यावरच ‘लॉक झाले’ असे कळवायचे. म्हणजे त्या निरोपाची वाट पाहून झोपले, तर फट उरतच नाही.

करून पाहा

१. पडद्यावर एखादे मोठे अक्षर उघडे ठेवा. मेनू, झाकण आणि आज्ञा या तिन्ही वाटांनी मशीन दहा-दहा वेळा झोपवा. जागे होताना ते अक्षर किती वेळा दिसले ते नोंदवा. एकदाच करून ‘ठीक आहे’ म्हणू नका.

२. सिस्टेमडी-इनहिबिट या आज्ञेला ‘लिस्ट’ हा पर्याय देऊन झोपेसाठी विलंब कोणी नोंदवला आहे ते पाहा. यादीत तुमचा डेस्कटॉप किंवा लॉक करणारा प्रोग्रॅम नसेल, तर झोपेआधी त्याच्यासाठी थांबणारे कोणी नाही असे समजा.

३. तुमचे सत्र एक्स ११ चे आहे की वेलँडचे, हे शोधून दोन्हींत पहिला प्रयोग करा आणि निकालांची तुलना करा.

मी स्वतः आता झाकण मिटण्याआधी हाताने लॉक करतो, पडदा झाकला गेल्याचे डोळ्यांनी पाहतो, आणि मगच उठतो. यादीत नावे तुमची असतात, म्हणून तेवढे दोन सेकंद थांबणे माझे कामच आहे.