हाकेला धावलेली माणसे

घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड या तालुक्यांत कडब्याची गंजी पेटली, तर पुण्याहून बंब येण्याची वाट पाहत बसणे पूर्वी कोणास परवडत नसे. ‘आग, आग’ अशी आरोळी उठे. विहिरीपासून गंजीपर्यंत माणसांची रांग लागे व घागरी, कळशा हातोहात पुढे सरकत. कोणी ओली पोती घेऊन शेजारच्या छपरावर चढे, कोणी गोठ्यातील दावी कापी.

१९७२च्या दुष्काळानंतरच्या एका उन्हाळ्यात आम्ही शाळकरी वयात अशा रांगेत उभे होतो. ज्यांस एरवी त्या विहिरीची पायरी चढू देत नसत, त्यांच्याच हातांतून घागर आमच्या हाती येत होती. त्या रात्री कोणी कोणाची जात विचारली नाही. उजाडताच विहिरीवरचा मज्जाव पुन्हा सुरू झाला. हे आमच्याच वडीलधाऱ्यांनी केले, म्हणून या स्मरणिकेत लिहिणे प्राप्त आहे.

आजाऱ्यांच्या बाबतीतही हाच प्रश्न जुना होय. १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका अस्पृश्य मुलास पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचविले आणि १० मार्च रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला.

२०१४पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. तथापि आडवाटेच्या वस्तीवर यावयाचे, तर फाट्यावर बॅटरी घेऊन कोणीतरी उभे राहावे लागते. आमच्या वाडीत हे काम दोन तरुण करतात. त्यांतील एक, त्या रात्री आमच्या हाती घागर देणाऱ्याचा नातू आहे.